हाजीसाहेबांच्या गाडीला लागलेली दृष्ट

विसामचा स्वतःवर फार विश्वास! शुब्रा मोहल्ल्यातल्या त्याच्या गल्लीत कुणाचा पंखा बिघडो की नळ तुंबो, "त्यात काय आहे? द्या इकडे!" म्हणत स्वारी पुढे. पंखा पुन्हा कधी फिरत नसे, तो भाग वेगळा!

अशा या विसामचं लग्न झालं. वरातीला गाडी सासऱ्यांची, हाजी मुतवल्लींची. लालचुटूक! हाजीसाहेब ती स्वतःच्या रुमालानं पुसत. बायकोला हात लावू देत नसत. किल्ली देताना म्हणाले, "मुलगी तू सांभाळशीलच. गाडी मात्र जशी नेतोस तशी परत हवी!"

फुलवाला फुलं दोऱ्यानं बांधणार होता. "दोरा? हॅट्!" म्हणत विसामनं दोन्हीकडून चिकटणारी टेप आणली आणि बॉनेटभर फुलं स्वतः चिकटवली. वरातीत एक पाकळी हलली नाही. पठ्ठ्याची छाती नुसती फुगली होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी माहेरची माणसं रिवाजाप्रमाणे नवरीसाठी मसाला भरून शिजवलेली कबुतरं घेऊन येणार आणि जाताना गाडी नेणार. सकाळी विसामनं फुलं ओढली. फुलं आली, टेप आली, गोंद मात्र तिथेच! काळपट, चिकट, हटायचं नाव नाही. नखानं खरवडलं, तर नखंच तुटली. तेवढ्यात गल्ली गोळा झाली.

"तेल लाव आणि जरा थांब," इस्त्रीवाला बदावी म्हणाला.

थांबेल तो विसाम कसला! अर्धी बाटली ओतली आणि लगेच घासलं. गोंद पसरला, त्यावर धूळ बसली आणि दोन मांजरं बॉनेटवर चढून चाटायला लागली.

"थिनर घे," न्हावी म्हणाला. "पण फडक्याला थेंबभर, हं!"

"मला शिकवू नका!"

थेंबभर कसलं? डबाच उपडा केला! खसाखसा घासलं आणि गोंद निघाला. साफ निघाला हो! सोबत हाजीसाहेबांचा लाल रंगही निघाला. बॉनेटवर भाकरीएवढा पांढराफटक डाग!

आणि नेमके तेव्हाच कबुतरांचं पातेलं घेऊन हाजीसाहेब हजर! डाग दिसला आणि पातेलं हातातून सुटता सुटता राहिलं.

"हे... हे काय झालं रे?"

विसामनं ओलं फडकं पाठीमागे लपवलं. तोंडाला येईल ते बोलला, "दृष्ट लागली, हाजीसाहेब!"

झालं! गल्लीनं माना डोलावल्या. हाजीसाहेबांना तर सगळं एकदम पटलं. "तरीच! काल तुझी आई गाडीभोवती फिरत होती. 'काय चकचकीत आहे हो!' म्हणाली. वर दृष्ट टाळणारं 'माशाअल्ला' म्हणालीच नाही! तिचाच डोळा!"

विसामनं फडकं आणखी मागे सरकवलं. आईवर आळ, पण जीव तर वाचला! धन्य तो लेक!

पण विसामची आई अन्वारबाई वरच्या सज्जात उभ्या होत्या आणि त्यांचे कान काही बहिरे नव्हते.

"माझा डोळा? माझा?" म्हणत त्या तरातरा खाली आल्या. हातात धुपाटणं, त्यात रसरशीत निखारे. "थांबा! आत्ता गाडीवरून सात वेळा ओवाळते. दृष्ट असेल तर उतरेल. आणि नाही उतरली, तर व्याहीबुवा, तुमच्याकडे बघते!"

धुपाटणं निघालं थेट बॉनेटकडे. विसामच्या नाकात थिनरचा भपकारा होताच.

"आई, राहू दे..."

"गप्प! आईची अब्रू चाललीय आणि तू मधे बोलतोस?"

"आई, मागे हो! पेट घेईल! मी अख्खा डबा थिनर ओतलाय त्यावर!"

अन्वारबाईंचा हात हवेतच राहिला. हाजीसाहेबांनी बॉनेटचा वास घेतला, मग जावयाच्या पाठीमागे जाऊन फडक्याचाही घेतला. पातेलं शांतपणे काखोटीला मारलं आणि वर सज्जात उभ्या नव्या नवरीला, आपल्या लेकीला, हाक दिली.

"रबाब! बाळ, बॅगा उघडल्यास का? नसतील तर राहू दे तशाच!"