गोडावरची कॉफी

"पॅकेजमध्ये कॉफी बसत न्हाई काका," असं राधेश्यामने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मच्छिंद्ररावांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. राधेश्याम हा अंबड रोडवरच्या नव्या एसी हॉटेलचा मॅनेजर. त्याच्यापुढे रंगीत कार्ड होतं. सूप, पनीरच्या दोन भाज्या, नान, जिरा राईस आणि शेवटी गुलाबजाम. कार्ड तिथे संपत होतं आणि मच्छिंद्ररावांचं भांडण तिथूनच सुरू होत होतं.

"गुलाबजाम खाल्ल्यावर माणसानं करावं काय मंग?"

"हात धुवावेत काका."

"आन पाव्हण्याला काही गरम विचारायचंच न्हाई? हे कुठलं जेवण?"

प्रश्न खरं तर कॉफीचा नव्हता, आदिनाथचा होता. आदिनाथ म्हणजे मच्छिंद्ररावांचा एकुलता एक मुलगा. अंकुशनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी, वय तेहतीस, सुपारीचंही व्यसन नाही, आणि तरी सहा वर्षांत वीस ठिकाणांहून नकार. कुठे जमीन कमी पडली, कुठे पुण्यातला फ्लॅट नव्हता, एका ठिकाणी तर मुलाचे कान मोठे निघाले. हे सगळं मच्छिंद्ररावांनी मुकाट्याने गिळलं. पण विसावी सोयरीक चहाने मोडली. बोलणी झाली, जेवणं झाली, आणि गडबडीत पाहुण्यांना चहा विचारायचाच राहिला. मुलीच्या मामाने घरी पोचून फोन केला, "ज्या घरात कपभर चहा सुचत न्हाई, तिथं आमची पोरगी काय म्हणून द्यायची?" तेव्हापासून मच्छिंद्ररावांना चहा न दिलेला पाहुणा स्वप्नात दिसत असे.

आताचं एकविसावं स्थळ घनसावंगीचं होतं. मुलगी प्रियदर्शनी, अंबडला बँकेत नोकरीला. पोह्यांची ताटली घेऊन मी कुणापुढे येणार नाही, हॉटेलात सगळे मिळून जेवू आणि बोलू, असा तिचाच निरोप होता. मच्छिंद्ररावांची काहीच हरकत नव्हती. ती म्हणाली असती तर ते उसाच्या ट्रॉलीवर बसून जेवले असते.

"चहा ठेवा मंग," ते म्हणाले.

"चहा ठेवत न्हाई आपण. कॉफीची मशीन हाये. पण ती पॅकेजात न्हाई."

"घाला की! एवढी माणसं आणून राह्यलो मी तुमच्याकडं."

अर्ध्या तासाने राधेश्यामने हात टेकले. "बरं, घालतो. पण ब्लॅक येईल. दुधाची बसत न्हाई."

ब्लॅक म्हणजे काय हे मच्छिंद्ररावांना ठाऊक नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी कॉफी प्यायली नव्हती. पण जिंकलेल्या माणसाने शंका विचारू नयेत, असं त्यांना वाटलं.

"कसलीबी येऊ द्या, पण आली पाहिजे. गुलाबजामाच्या मागोमाग. विसरले तं माझ्यासारखा वाईट न्हाई."

"विसरायचा विषयच न्हाई काका. कॉम्प्युटरमध्ये गुलाबजामाला जोडूनच टाकतो. एक मारलं की दुसरं आपोआप येतंय."

मच्छिंद्रराव घरी आले ते किल्ला सर केल्यासारखे.

रविवारी दुपारी आठ माणसं टेबलाभोवती बसली. इकडून मच्छिंद्रराव, त्यांच्या पत्नी बायनाबाई आणि आदिनाथ. तिकडून प्रियदर्शनी, तिचे आईवडील आणि थोरली आत्या गोजरबाई. आठवा मध्यस्थ कारभारी. मुलीचे वडील राधाकिसन स्वभावाने गरीब होते. दर वाक्याला ते आपल्या थोरल्या बहिणीच्या तोंडाकडे पाहत. त्या घरात गोजरबाई हो म्हणेपर्यंत पेरणीसुद्धा होत नाही, असं कारभाऱ्याने आधीच बजावलं होतं.

गोजरबाईंनी सूप बाजूला सारलं आणि थेट विचारलं, "पितं का पोरगं?"

"बिलकुल न्हाई."

"आन तुम्ही?"

"थेंबबी न्हाई अक्का. आमच्या घराण्यातच न्हाई."

"मह्या मालकानं बाटलीपायी चार एकर घातलं. म्हणून इचारते. बाकी मला काही पाहायचं न्हाई."

बाकी त्यांनी खरंच काही पाहिलं नाही. आदिनाथचे कानही नाही. नान संपेपर्यंत त्या हसायला लागल्या. मग गुलाबजाम आले. गोजरबाईंनी एक उचलला, सावकाश खाल्ला, पदराने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "झालं. तोंड गोड झालं. राधाकिसन, सोयरीक पक्की समज."

बायनाबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. मच्छिंद्ररावांना सहा वर्षांत पहिल्यांदा खुर्चीची पाठ टेकावीशी वाटली. ते टेकणार तोच आतलं दार उघडलं आणि वेटर आठ कप घेऊन आला.

"हे काय?" गोजरबाईंनी विचारलं.

"कापी!" मच्छिंद्रराव अभिमानाने म्हणाले. "पॅकेजात न्हवती. मीच घालायला लावली. घ्या अक्का."

गोजरबाईंनी बशीत ओतून मोठा घोट घेतला. त्यांचा चेहरा आधी आक्रसला, मग काळवंडला, मग अगदी शांत झाला. 

"राधाकिसन," त्या म्हणाल्या, "मयताहून आल्यावर आपण काय करतो रे?"

"निंबाचा पाला चावतो अक्का."

"कशापायी?"

"तोंड कडू करायला."

"आन इथं सोयरीक पक्की केली, तोंड गोड केलं, आन वरून कडू पाजून राह्यलेत. कोण मेलंय यांचं?"

टेबलावर बाकीच्यांनी कप दूर सारले. फक्त प्रियदर्शनीने आपला कप संपवला होता, आणि आदिनाथ स्वतःचा कप हळूच तिच्याकडे सरकवत होता. मच्छिंद्ररावांनी ते पाहिलं, पण त्याचा विचार करायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

"चूक झाली अक्का! दुसऱ्या दुकानातून पेढे आणतो, जल्दी."

"दुसऱ्याच्या दारचं काय करायचं? ज्या पंगतीत कडू झालं, त्याच पंगतीत गोड व्हाया पायजे. आन उठायचं ते गोडावर. गोडावर पंगतीत दुसरं काही यायला नको."

हे तर सोपं होतं. मच्छिंद्ररावांनी आणखी आठ गुलाबजाम मागवले. ते आले. गोजरबाईंनी चमचा उचलला. पाठोपाठ दुसरा वेटर आला, आणि त्याच्या हातात आठ कप होते.

गोजरबाईंनी चमचा खाली ठेवला. "परत?"

मच्छिंद्रराव धावत काउंटरवर गेले. "अहो, कापी कशाला पाठवली?"

"आपोआप येते काका. गुलाबजाम मारला की कॉफी. तुम्हीच जोडायला लावली."

"मंग तोडा की!"

"ते मालकाच्या पासवर्डनं तुटते. मालक गेलेत राजूरला गणपतीला. फोन लागून न्हाई राह्यला."

"मंग निसते गुलाबजाम सुटे द्या."

"सुटे न्हाईत. पॅकेजातच हायेत."

आपल्याच पायावर आपण केवढा धोंडा मारून घेतला, हे मच्छिंद्ररावांना तेव्हा कळलं. तिकडे टेबलावर राधाकिसन मोबाईल खिशात ठेवत होते. निघायच्या आधी माणूस करतो तेवढं सगळं ते करत होते. मच्छिंद्ररावांनी तिसऱ्यांदा आठ गुलाबजाम सांगितले, "ह्या बारीला थोडे थांबून आणा" असं वेटरला बजावलं, आणि स्वतः आत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. कॉफी बाहेर पडू द्यायचीच नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

कप आले. "ठेव इथंच," ते म्हणाले.

"इथं कसे ठेवू? टेबलाची ऑर्डर टेबलालाच जाते," वेटर म्हणाला. "रिकामे कप असले तं वापस नेतो."

बेसिन बाहेर होतं, सगळ्यांच्या समोर. आत सांडायला जागा होती, पण पानात वाढलेलं टाकणं हे मच्छिंद्ररावांना या वयात जमणारं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि पहिला कप घशाखाली उतरवला. चौथ्या कपाला कानात भुंगा वाजू लागला. सहाव्याला कपाळावर घाम फुटला. आठवा कप त्यांनी देवाचं नाव घेऊन संपवला. रिकामे कप दाराजवळच्या फळीवर ओळीने ठेवले आणि मिशा पुसत, स्वतः गुलाबजामांचा ट्रे उचलून ते बाहेर आले.

ट्रे थडथड वाजत होता. डोळे तारवटले होते. एका दमात दहा वाक्यं बाहेर पडत होती. "घ्या अक्का, घ्या, निस्तं गोड हाये, काही काळजी करू नका, बिलकुल कडू न्हाई, खा, खा ना!" गोजरबाईंच्या वाटीत ठेवायला उचललेला गुलाबजाम चमच्यावरून उडाला आणि राधाकिसनांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून घरंगळत खाली गेला.

गोजरबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग डोळ्यांकडे.

"मागं काय करून राह्यलते इतका येळ?"

कॉफी तिसऱ्यांदा आली होती हे सांगणं म्हणजे अपशकुनावर आणखी एक अपशकुन. "काही न्हाई," मच्छिंद्रराव म्हणाले.

"आसं मागं जाऊन 'काही न्हाई' पिणारा मह्या घरात होता. चार एकर गेलं. उठ राधाकिसन."

"अक्का, कापी पिलो हो! आठ कप!"

"आठ कप ते काळं कोण पिऊन राह्यलं? निदान खोटं तरी बराबर बोला."

गाडी निघाली. कारभारी त्याआधीच मोटारसायकलवरून दिसेनासा झाला होता. प्रियदर्शनी पाणी मागायला म्हणून आत गेली होती, तिला बोलावून गाडीत बसवलं. बायनाबाई टेबलापाशीच बसून राहिल्या. "जगातल्या लोकाला चहा पाजून सोयरीक जमते," त्या म्हणाल्या, "आपली चहा न्हाई पाजला तरी मोडते आन कापी पाजली तरी मोडते." बापाने पोरासाठी काय करायचं बाकी ठेवलं, तेच मच्छिंद्ररावांना समजेना. छाती मात्र ट्रॅक्टरसारखी धडधडत राहिली.

आठ दिवसांनी बायनाबाईंना आठवण झाली. पाहुण्यांना द्यायची टॉवेल-टोपीची पिशवी हॉटेलातच राहिली होती. "घेऊन या. बाविसाव्याला लागंल," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता.

मच्छिंद्रराव भर दुपारी हॉटेलात आले. राधेश्यामने पिशवी काढून दिली आणि नवं कार्ड पुढे केलं. "काका, तुमच्यामुळं सगळ्याच पॅकेजात कॉफी टाकली. मालक लई खूश."

त्यांनी कार्ड तसंच परत सरकवलं. पिशवी उचलून वळले, आणि खांबाआडच थबकले. कोपऱ्यातल्या टेबलावर आदिनाथ बसला होता. समोर प्रियदर्शनी. दोघांच्या मध्ये काळ्या कॉफीचे दोन रिकामे कप.

"मी आत्याला सगळं सांगितलं," ती म्हणत होती. "आत गेल्ते तेव्हा फळीवरचे कप मोजले होते म्या. आठच्या आठ. वासबी कॉफीचाच होता."

"मंग?"

"पटलं तिला. म्हणली, पोरासाठी येवढं कडू पिणारा बाप वाईट नसंल. पण पंगत कडूवर उठली, ते कसं पुसायचं म्हणते. दोघं त्याच हॉटेलात जाऊन गोडावर उठा म्हणते, मंग बघू. आन मी बसले कॉफी मागवून! सवयच हाये ना रोजची."

आदिनाथ घड्याळ पाहत होता. "मागव मंग गोड. मला कारखान्यात पाळीला जायचंय."

"गोडासंगं परत कॉफी येईल ना! शेवट कडूच होणार."

मच्छिंद्रराव पावलं न वाजवता काउंटरवर परतले.

"त्या कोपऱ्यातल्या टेबलाला दोन गुलाबजाम."

राधेश्याम अवघडला. "काका, कॉम्प्युटरातली जोडणी अजून तशीच हाये. कॉफी येईल."

"येऊ द्या. ती इकडं आत पाठवा."

स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. वेटर दोन कप घेऊन आला. त्याने त्यांना ओळखलं आणि काही न विचारता ट्रे पुढे धरला. मच्छिंद्ररावांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, डोळे मिटले आणि पहिला कप तोंडाला लावला.