घरोघरी एक दगड

शहराच्या भव्य, ऐतिहासिक रेल्वेस्थानकातल्या एका खांबाला तडा गेला आणि हे रीतसर वर कळवण्याचा आगाऊपणा स्टेशनमास्तरांनी केला. गवंड्याला बोलावून मूठभर चुना भरला असता तरी भागलं असतं. पण तो खांब त्यांच्या आजोबांनी घडवलेला; मास्तरांना राहवेना.

तज्ज्ञ आले. त्यांनी तडा पाहिला, चहा घेतला आणि अभिप्राय दिला की, वास्तू उभी असताना तिची दुरुस्ती करणे तिच्या प्रकृतीस अपायकारक आहे. सबब ती आधी संपूर्ण उतरवावी. दगड ठेवायला गोदाम नव्हतं. तेव्हा जनतेच्या प्रेमावर विसंबून प्रत्येक कुटुंबाने एकेक दगड घरी सांभाळावा, असं ठरलं.

प्रेमाला नुसता ऊत आला. लोक सहकुटुंब आले, दगडाला बिलगून फोटो काढले, डोळे पुसले. बघता बघता अख्खं स्टेशन घरोघरी पोचलं.

मग हुकूम आला: दगड गोळा करून स्थानक उभारावे, अन्यथा येथे गाड्या थांबणार नाहीत. मास्तर दारोदार फिरू लागले.

डॉक्टरीणबाईंनी दगड काचेच्या पेटीत ठेवला होता. "एवढा मौल्यवान वारसा तुमच्या त्या धुळीत कसा परत देऊ?"

शिंप्याने मास्तरांना बसायला स्टूल दिलं. दगड दिला नाही. "एवढं मोठं स्टेशन, मास्तर. माझ्या एका दगडावाचून काय अडलंय?"

गावभर हेच ऐकून मास्तर घरी आले. बायको म्हणाली, "अहो, आधी आपला देऊन टाका. म्हणजे लोकांना सांगायला तोंड राहील."

"आपला कसा देऊ?" मास्तर म्हणाले. "तो आजोबांच्या हातचा आहे."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण दगड पलंगाखालून हलला नाही.

अखेर पुन्हा पाहणी झाली. मोकळ्या मैदानात उभं राहून तज्ज्ञांनी नोंद केली, "तडा आढळून येत नाही," आणि प्रकरण बंद झालं. गाड्या शिटी वाजवत निघून जाऊ लागल्या.

शहर खवळलं. सरकारने स्टेशन गिळलं म्हणून प्रचंड मोर्चा निघाला. मास्तर अग्रभागी होते. तुम्हीही होतात, घसा बसेपर्यंत ओरडत होतात. घाईत निघताना वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तुम्ही त्याला काय लावून आलात, ते मात्र कुणी विचारलं नाही.