सळईवरची खूण

मार्तंडराव रविवारी सकाळी दोन पूजा करीत. आधी देवाची, मग गाडीची. दुसरीला वेळ जास्त लागे, आणि हे पत्नीच्या, गोपिकाबाईंच्या, नजरेतून सुटण्यासारखं नव्हतं. गाडी अमेरिकन, चौदा वर्षांची. कुणी परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना विकून गेला होता. अठ्ठ्याहत्तर साली प्रतापनगरच्या लेआउटमध्ये, त्या नव्या वस्तीत, सायकली पुष्कळ, स्कूटरी चार आणि मोटार ही एकच. मार्तंडरावांच्या घराण्यात तर पहिलीच. वडिलांचा जन्म छकड्यात गेला होता. पण मार्तंडरावांचा खरा अभिमान वेगळाच होता. या गाडीला क्लच नव्हता. गिअर ती आपले आपण बदलत असे.

“हिला काही सांगावं लागत नाही,” ते शेजारच्या वामनरावांना ऐकवत. “आपल्या मनानं चालते.”

“आणि मनात नसलं का थांबते,” वामनराव म्हणत. त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. गाडी ढकलायला पहिला हात त्यांचाच असे.

म्हणजे सुरुवातीला तसं नव्हतं. पोळ्याच्या आसपास गाडी घरी आली तेव्हा ती लोण्यासारखी चालायची. मार्तंडराव सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद हरवला नव्हता, मग गाडीची हयगय ते कशी करतील? पहिल्याच रविवारी त्यांनी गिअरबॉक्सचं तेल मोजायची सळई बाहेर काढून पाहिली. लाल तेल खुणेच्या चांगलं दोन बोटं वर! जादा म्हणजे जादा. त्यांनी गाडीखाली शिरून बोल्ट ढिला केला, थोडं तेल एका बरणीत काढलं आणि बोल्ट घट्ट बसवला. पुढच्या रविवारी पुन्हा मोजलं, पुन्हा जादा. असं सहा रविवार चाललं. दसऱ्याला तेल अगदी खुणेवर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. त्या दिवशी त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला आणि समाधानानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आणि दसऱ्यापासूनच गाडी बिघडली. चढ आला, वळण आलं की इंजिन गरजायचं आणि गाडी जागची हलायची नाही. चार हात लागून सपाटीवर आली, की काही झालंच नाही अशा थाटात चालू लागायची.

मार्तंडरावांनी ती शहरातल्या सदर भागात धोंडबा मिस्त्रीकडे नेली. धोंडबाचं निम्मं आयुष्य ट्रकांखाली गेलं होतं. तो गाडीखाली गेला, अर्ध्या तासानं बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “क्लचप्लेट गेली, साहेब.”

“अहो, हिला क्लचच नाही!”

“तेच तर सांगून राह्यलो! अशी गेली का मागं निशाणी बी नाही ठेवली.”

तेव्हापासून मार्तंडराव कुठल्याही मिस्त्रीला बॉनेटला हात लावू देईनात. इकडे गोपिकाबाईंची सहनशक्ती संपत आली. सदरला साडी घ्यायला निघालं की अर्ध्या वाटेत उतरून ढकलणं आलंच. शिवाय त्यांच्या लोणच्याच्या सहा बरण्या गाडीच्या कामाला गेल्या होत्या.

“हे पहा,” डिसेंबरात त्यांनी शेवटचं सांगितलं, “रविवारी नरखेडवरून आपले व्याही येऊन राहिले. त्यांना स्टँडवरून न ढकलता घरी आणलं, तर ठेवा तुमची ही राणी. नाही तर ताराचंद भंगारवाल्याला मी चार वाजता बोलावलंच आहे.”

“मंजूर,” मार्तंडराव छाती काढून म्हणाले. आवाज किंचित कापला, तो त्यांनी खोकल्यात लपवला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. गाडी भंगारात तुटताना डोळ्यांपुढे दिसत होती.

रविवारी व्याही रुपराव संत्र्यांची टोपली घेऊन एस्टीतून उतरले. पांढरं शुभ्र धोतर, पांढरी टोपी. स्टँडपासून गाडी अशी सुरेख आली की मार्तंडरावांनी मनात सत्यनारायणाचा नवस बोलला. प्रतापनगरचं शेवटचं वळण तेवढं राहिलं होतं. तिथं इंजिन गरजलं आणि गाडी थांबली.

“काय झालं, इवाई?” रुपरावांनी आपल्या व्याह्यांना विचारलं.

“काही नाही. विचार करून राहिली.”

गाडीचा विचार संपेना. मग रुपराव उतरले, धोतराचा काचा मारला आणि मुलीच्या सासऱ्यानं सुनेच्या बापाची मोटार ढकलत दारात आणली. गोपिकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी फक्त घरातल्या घड्याळाकडे पाहिलं. बोलल्या असत्या तर मार्तंडरावांना बरं वाटलं असतं.

रुपरावांनी हातपाय धुतले, पण लक्ष गाडीकडेच. “इवाई, एक इचारू काय जी? हा आवाज मी रोज आयकतो. माह्या विहिरीवरच्या पंपानं हवा धरली का असाच बोंबलते. मोटर फिरते, पण पाणी उचलत नाही. पंपात पाणीच नाही त उचलंन काय? हिच्या पोटात पाणी असते का काही?”

“तेल असतं,” मार्तंडराव ताठ झाले. “आणि ते मी स्वतः मोजतो. दर रविवारी. खुणेवर आहे, केसभर कमी नाही!”

“इंजिन चालू ठेवून मोजता?”

“छे! चालू इंजिनात हात घालायचा? बंद करून, शांत झाल्यावर.”

रुपरावांनी कपाळाला हात लावला. “विहिरीचं पाणी मोटर बंद ठेवून मोजतेत काय? बंद असली का विहीर काठोकाठ दिसते. मोटर लावा, मंग पाहा पाणी कुठं जाते ते! लावा इंजिन.”

मार्तंडरावांनी इंजिन लावलं आणि चालू इंजिनात, जीव मुठीत धरून, सळई काढली. सळई कोरडी ठणठणीत. तेलाचा थेंब नाही.

दारात जमलेल्या शेजाऱ्यांतून वामनराव पुढे सरकले. रुपराव वाकून गाडीखालची जमीन निरखू लागले. “गळती त नाही. एक डाग नाही. मंग हे तेल कोणी काढून नेऊन राह्यलं, इवाई. हा चोर घरचाच हाय.”

“चोर!” मार्तंडरावांचा पारा चढला. “मी रिपोर्ट करीन! या बॉनेटला माझ्याशिवाय कोणाचा हात लागत नाही!”

हे वाक्य त्यांनी मोठ्यानं म्हटलं, आणि ते त्यांनाच सगळ्यांत आधी ऐकू आलं.

गोपिकाबाई आत गेल्या. माळ्यावरून एकेक करून सहा बरण्या उतरवून त्यांनी बाहेर दारातल्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. लाल तेल उन्हात चमकत होतं. प्रत्येक बरणीला चिठ्ठी होती, वळणदार अक्षरात, रेकॉर्डरूमच्या शिस्तीत: ‘जादा तेल. रविवार, ३ सप्टेंबर १९७८.’ शेवटची ८ ऑक्टोबरची. तीस वर्षांत मार्तंडरावांच्या हातून खरोखरच काही हरवलं नव्हतं.

कोणी हसलं नाही. रुपराव तर बरण्यांकडे कौतुकानं पाहत राहिले. “एक थेंब वाया नाही घालवला माणसानं,” ते म्हणाले. “जपणूक पाहा, वामनराव!” मग त्यांनी नरसाळं मागवलं, आणि चालू इंजिनावर, सळई पाहत पाहत, तेल परत पोटात गेलं. मार्तंडराव गाडीत बसले. गाडी ते वळण पार करून गेली आणि तशीच परत आली. इंजिन गरजलंसुद्धा नाही.

तेवढ्यात चार वाजले आणि ताराचंद भंगारवाला हातगाडीवाले तीन गडी घेऊन हजर झाला. मार्तंडराव शब्दाचे पक्के. त्यांनी किल्ली पुढे केली. “ठरल्याप्रमाणे ने, ताराचंद. व्याह्यांनी ढकलली, हे खरं आहे. आणि दोष तिचा नव्हता, माझा होता.”

“हात नको लावू!”

हा आवाज गोपिकाबाईंचा होता. त्या पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या. “दोन महिने या माणसानं तिला उपाशी ठेवली, तरी रडतकढत का होईना, दर वेळी घरी आणत राहिली. अशी गाडी भंगारात देतात काय? आमची आहे ती!”

आमची! तीन महिन्यांत हा शब्द त्या घरात गाडीसाठी पहिल्यांदा निघाला. मार्तंडरावांचे डोळे भरून आले, आणि या खेपेला त्यांनी ते लपवले नाहीत. ताराचंदाच्या गड्यांना दोन-दोन संत्री देऊन वाटेला लावलं. रुपराव मागच्या सीटवर ऐसपैस बसले. गोपिकाबाई नवी साडी नेसून आल्या आणि पुढे बसल्या. साडीची खरेदी सदरला, आत्ताच.

सवयीप्रमाणे वामनराव आणि आणखी तिघं मागे हात टेकवायला धावले. गाडी आपल्या मनानं निघून गेली आणि चौघं हात पुढे करून तसेच रस्त्यात उभे राहिले.

मार्तंडरावांना आता वाऱ्यावर स्वार व्हायचं होतं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. वळणावर गोपिकाबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. त्या समोर बघत होत्या, मान ताठ, पदर नीट.

“इतकी घाई काहून करता?” त्या म्हणाल्या. “हळू चालवा नं. लोकांना पाहू द्या.”