टिटवीचं दचकणं विकणे आहे

एका जंगलात रेंज फार चांगली यायची. त्यामुळे तिथे प्राण्यांची वस्तीही दाट होती.

बाळांनो, त्या जंगलातून एक नदी वाहायची. उन्हाळ्यात ती इतकी बारीक व्हायची की पात्रात नुसती खडी उरायची. त्या खडीत एक टिटवी आणि तिचा नवरा टिटवा राहत होते.

घाबरू नका हं. या गोष्टीत वाघ आहे, पण तो शेवटपर्यंत झोपलेला आहे. मी दोनदा खात्री करून घेतली आहे.

तर त्या टिटवीला दचकायची सवय होती. पान पडलं की ती दचकायची. पान पडलं नाही, तर का पडलं नाही म्हणून दचकायची. दचकली की सरळ वर उडायची आणि किंचाळायची, "टिटीव-टिव! टिटीव-टिव!"

टिटवी कॉलेजात शिकलेली होती. तिला वाटलं, आपण नाहीतरी दचकतोच, मग त्याचा कुणाला उपयोग तरी होऊ दे. म्हणून एका पावसाळ्यात बसून तिने एक ॲप तयार केलं. त्याचं नाव ठेवलं 'सावधान'.

ॲप अगदी साधं होतं. टिटवीच्या गळ्यात मोबाइल. टिटवी किंचाळली की तो मोबाइल ऐकायचा, आणि सगळ्या वर्गणीदारांच्या मोबाइलवर एकदम भोंगा वाजायचा. पडद्यावर लाल अक्षरं यायची: 'वाघ आला! असाल तिथून निघा!'

वर्गणी महिन्याला ओंजळभर किडे. हरणांना किडे पकडणं जड जायचं, पण तीसुद्धा वेळेवर भरायची.

सगळं छान चाललं होतं. मग टिटवीने अंडी घातली.

टिटव्यांची अंडी उघड्या खडीत असतात. त्यांच्यावर बसावं लागतं. नुसतं बसून चालत नाही, बसून राहावं लागतं. टिटवी बसायची आणि काहीतरी व्हायचं. मुख्य म्हणजे गव्यांचा कळप रोज पाण्यावर जायचा, तो खडीतूनच. खुरांचा आवाज आला की टिटवी आकाशात, आणि अंडी गार.

"मी बसतो की," टिटवा म्हणायचा.

"बसता हो तुम्ही. पण मी किंचाळले की तुम्हीही उडता."

"अगं, शेजारी कुणी एवढं किंचाळल्यावर बसून कोण राहील?"

टिटवीने अंड्यांना चोच लावून पाहिली. गेल्या वर्षीची अंडी अशीच गार होत होत गेली होती. त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत.

"ॲप विकून टाकते," ती म्हणाली. "त्या पैशात ही खडी कळपाकडून विकत घेऊ. आपल्या हक्काची. मग कळप इथून जाणार नाही. कळप नाही, म्हणजे मी दचकणार नाही."

"पैसे कुठले? किडे मिळतात तुला."

"अहो, किड्यांत घेऊ. तुम्ही शब्दाला अडू नका."

जंगलात एक साळिंदर होता. तो धंद्यांच्या किमती काढून द्यायचा आणि गिऱ्हाईकही बघून द्यायचा. टिटवीने त्याला बोलावलं. तो आला, त्याला पाहून टिटवी दचकली, आणि जंगलभर भोंगा वाजला. अशी बैठकीला सुरुवात झाली.

"धंदा कुठे आहे?" साळिंदराने विचारलं.

"हा काय, गळ्यात."

"आणि दचकतं कोण?"

"मीच."

"सुट्टीवर गेलात तर?"

"सुट्टीचा विचार केला तरी धडधडतं हो मला."

"बाई, इथेच गोची आहे. मालक नसला तरी चालतो, त्या धंद्याला भाव येतो. समजा, उद्या तुम्हीच नसलात तर?"

टिटवी किंचाळत ताडाच्या उंचीला गेली. पुन्हा भोंगा वाजला. साळिंदराने लिहून घेतलं, 'यंत्रणा तत्पर.'

ती खाली आल्यावर त्याने पुढचा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला. "तुम्ही वाघ आला म्हणता, तेव्हा वाघ खरंच किती वेळा आलेला असतो?"

टिटवीने मान खाली घातली. "एकदाही नाही."

"आणि गिऱ्हाइकं किती सोडून गेली?"

"एकही नाही."

साळिंदराचे सगळे काटे एकदम उभे राहिले. "एकही नाही? सतत खोटा ठरतो, आणि तरी टिकतो? बाई, तुमच्याकडे धंदा नाही, चमत्कार आहे. मला जरा गिऱ्हाइकांशी बोलू द्या."

तो आधी सांबरीणबाईंकडे गेला. त्यांच्याकडे त्यांची नणंद आली होती. येऊन बरेच दिवस झाले होते. नणंदबाई म्हणत होत्या, "वहिनी, आमच्या आईच्या हातचा पाला किती कोवळा असायचा! तुमचा जरा चरबट लागतो, नाही?"

"'सावधान'ची वर्गणी का भरता?" साळिंदराने विचारलं.

इतक्यात तिकडे खडीत एक नाकतोडा उडाला. टिटवी दचकली. भोंगा वाजला.

"अगंबाई, वाघ!" सांबरीणबाई उठून उभ्या राहिल्या. "वन्सं, तुम्ही निघाच आता. डोंगरापलीकडे सुखरूप पोचाल. माझं मेलीचं काय व्हायचं ते होऊ दे." नणंद गेल्यावर त्या परत बसल्या आणि साळिंदराला म्हणाल्या, "काय विचारत होता? हां. सुरक्षिततेसाठी भरते."

साळिंदराने लिहिलं, 'सुरक्षितता.'

मग तो माकडांच्या सोसायटीत गेला. तिथे सर्वसाधारण सभा चालू होती. अध्यक्ष शेपूट कुठल्या फांदीवरून कशी सोडावी यावर बोलत होते. खालची माकडं मोबाइलकडे फार आशेने बघत होती. भोंगा वाजला. सभा तहकूब झाली. पळता पळता एक माकड ओरडलं, "सुरक्षितता! सुरक्षितता!"

शेवटी तो वाघाच्या गुहेपाशी गेला. वाघसुद्धा वर्गणीदार होता. गुहेच्या मागे, खडकाच्या सावलीत तो झोपला होता. पुढच्या बाजूला वाघीण शेजारणीला सांगत होती, "ऐकलात ना भोंगा? हे कामावर गेलेत. फार धावपळ होते हो त्यांची. पण शिकार काही मिळत नाही. हा भोंगा वाजतो ना, सगळे आधीच पळतात."

साळिंदर तिथूनच परतला. गुहेजवळ त्याने काही विचारलं नाही, पण लिहिलं मात्र 'सुरक्षितता.'

आता घेणारा हवा होता. तो साळिंदराच्या ओळखीचाच निघाला. कळपाचा मुखिया गवाशेठ.

गवाशेठ जन्मात कधी दचकला नव्हता. "एकदा माझ्या पाठीवर झाड पडलं," तो सांगायचा. "मला वाटलं, संध्याकाळ झाली."

पण जंगलात चालता धंदा दिसला की तो घ्यायचा. वारूळ घेऊन झालं होतं, मधाचं पोळं घेऊन झालं होतं. दोन्ही आता बंद होती.

"भाव काय?" त्याने विचारलं.

"ही अख्खी खडी," साळिंदर म्हणाला. "या दगडापासून त्या करंजापर्यंत. कळपाने वाट बदलायची."

"एवढी खडी? हिच्या किंचाळण्याला?"

"शेठ, एकही गिऱ्हाईक गळलेलं नाही."

गवाशेठ बराच वेळ रवंथ करत राहिला. मग म्हणाला, "चालेल. पण हे दचकणं बंद. दचकणं हीच तर या धंद्यातली खोट आहे. आम्ही माल सुधारणार. खरा वाघ दिसला तरच भोंगा."

"मग मी नेमकं विकतेय काय?" टिटवी गोंधळून म्हणाली.

"गिऱ्हाइकं," साळिंदर तिच्या कानाशी म्हणाला. "गप्प बसा."

"आणि आमची एक अट," गवाशेठ म्हणाला. "उद्या तुम्ही इथेच बसून फुकट किंचाळायला लागलात, तर आमची वर्गणी कोण भरेल? तेव्हा पुढची तीन वर्षं या जंगलात तुम्ही दचकायचं नाही. दचकलात, की खडी परत आमची."

"थोडंसुद्धा नाही?"

"थोडंसुद्धा नाही."

"आणि उचकी लागली तर?"

"उचकी चालेल. पण बेताची."

टिटवीने अंड्यांकडे पाहिलं आणि करारावर पाय उमटवला. गवाशेठने तिच्या गळ्यातला मोबाइल काढून आपल्या गळ्यात बांधला, आणि टिटवीच्या किंचाळण्याऐवजी आपल्या हंबरण्यावर लावून घेतला.

कळपाने वाट बदलली. खडी शांत झाली. टिटवी अंड्यांवर बसली.

पान पडलं. टिटवीचे डोळे मोठे झाले, गळा फुगला, पिसं उभी राहिली. पण आवाज तिने गिळला. पाण्यात मासा उसळला, तोही गिळला. नाकतोडा तर तिच्या डोक्यावरच बसला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती उठली नाही.

"बरी आहेस ना?" टिटव्याने विचारलं.

"पोट भरल्यासारखं वाटतंय," टिटवी म्हणाली.

पण खाली अंडी ऊबदार होती. गेल्या वर्षी ती एवढी ऊबदार कधीच झाली नव्हती.

तिकडे गवाशेठने माल सुधारला. सावरीच्या उंच झाडावर एक बगळा बसवला. गुहेवर नजर ठेवायची, आणि वाघ बाहेर पडला की कळवायचं, एवढंच त्याला काम. बगळा एका पायावर उभा राहून बघत राहिला. वाघ काही बाहेर पडला नाही. भोंगा वाजला नाही.

गवाशेठ खूश झाला. एकही चूक नाही!

जंगलात मात्र हाहाकार उडाला. सांबरीणबाईंची नणंद परत आली आणि म्हणाली, "आता जरा निवांत वाटतंय. वहिनी, चातुर्मास इथेच काढते." माकडांची सभा संपेना. अध्यक्ष शेपटीवरून सालींवर आले, सालींवरून आपल्या तरुणपणावर. दोन माकडं फांदीवरून स्वतःहून खाली पडली. आणि गुहेमागे वाघिणीने नवऱ्याला गाठलं.

"आज भोंगा नाही, काल भोंगा नाही. म्हणजे तुम्ही कामावर जातच नाही!"

वाघाने एकही डोळा न उघडता वर्गणी बंद केली.

मग सगळ्यांनीच बंद केली. प्रत्येकाने कारण लिहिलं, 'पूर्वीसारखं सुरक्षित वाटत नाही.'

गवाशेठ चक्रावला. त्याने मोबाइल समोर धरला आणि एकेक तक्रार वाचत निघाला. टिटवीलाच विचारू, म्हणून निघाला. मान खाली, नजर मोबाइलवर, आणि सवयीने जुन्या वाटेने. खडीतून.

टिटवीने त्याला येताना पाहिलं.

"अहो," ती बसल्या बसल्या कुजबुजली, "गवाशेठ येताहेत."

"ओरड ना!"

"कशी ओरडू? खडी जाईल. मग रोज अख्खा कळप इथून जाईल."

"शेठ! ओ शेठ!" टिटवा उडून गव्याच्या तोंडासमोर फडफडला.

"थांब रे, वाचतोय," गवाशेठ म्हणाला आणि चालत राहिला.

खडी कुरकुरली. एक खूर पडला. दुसरा पडला. तिसरा खूर वर उचलला गेला, आणि टिटवीवर सावली आली. थोडी सरकली, तर ती स्वतः वाचणार होती. ती सरकली नाही. तिच्याखाली एका अंड्याच्या आत कुणीतरी टकटक केलं.

मग टिटवीने इतक्या दिवसांत गिळलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. ते पान, तो मासा, तो नाकतोडा, सगळं.

"टिटीव-टिव! टिटीव-टिव! टिटीव-टिव!"

आणि गवाशेठ जन्मात पहिल्यांदा दचकला.

तो चारही पाय उचलून हवेत उडाला. एवढा मोठा गवा हवेत कधी कुणी पाहिला नव्हता. तो आडवा होऊन पाण्यात पडला, आणि पडताना जो हंबरला, तो गळ्यातल्या मोबाइलने ऐकला.

भोंगा वाजला!

नणंदबाई गाठोडं उचलून पळाल्या. सभा तहकूब झाली, आणि अध्यक्षांना चार माकडांनी उचलून नेलं, ते परत आणलंच नाही. वाघीण म्हणाली, "गेले बाई एकदाचे कामावर." गवाशेठ पाण्यातून वर येतो न येतो, तोच गेलेले सगळे वर्गणीदार परत आले होते. काहींनी तर वर्षभराचे किडे आगाऊ पाठवले.

"खडी गेली आपली," टिटवी रडत म्हणाली. "करार मोडला मी."

पण खडी मागायला कुणी आलंच नाही.

त्याचं असं झालं बाळांनो, की एकदा दचकल्यावर गवाशेठला ते थांबवता येईना. तो माशीला दचकला. स्वतःच्या शेपटीला दचकला. शेपूट दिसली नाही तेव्हा तर फारच दचकला. आणि त्या खडीचं नाव काढलं, तरी तो हवेत उडायचा. तिकडे फिरकायची त्याची छातीच झाली नाही. कळपालाही त्याने लांबच्याच वाटेवर ठेवलं.

धंदा मात्र जोरात चालला. एवढा जोरात की गवाशेठची झोप उडाली. त्याने साळिंदराला बोलावून घेतलं.

"विकून टाक रे बाबा हे," तो म्हणाला.

"विकू की," साळिंदर म्हणाला. "फक्त एक सांगा शेठ. समजा, उद्या तुम्हीच नसलात तर?"

भोंगा वाजला.

खडीत तेव्हा चौथं पिल्लू अंड्यातून बाहेर येत होतं. त्याने आपली सावली पाहिली आणि बारीक आवाजात किंचाळलं, "टिव!"

"पाहिलंत?" टिटवी नवऱ्याला म्हणाली. "करार फक्त माझ्यापुरता आहे."

तात्पर्य: भीती मनाचा निग्रह करून जात नाही. ती योग्य भावात दुसऱ्याला विकावी लागते. आणि विकत घेतलेल्या मालात सुधारणा करायचीच असेल, तर लोक तो कशाला घेतात हे चुकूनही त्यांना विचारू नये. ते सुरक्षिततेसाठीच म्हणतात.