जगातली सर्वांत सुरक्षित पेटी

कुलूपवाल्याने तीन वर्षं खपून बनवलेलं कुलूप सकाळपासून त्याच्याच हाताने उघडत नव्हतं. लोखंडी पेटी तंबूच्या दाराशी होती आणि पेटीत दोघांची दोन दिवसांची शिदोरी न् दोघांचे बूट. डोंगरातले कोल्हे बूटसुद्धा पळवतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. झाकण लागलं की कुलूप आपोआप बसायचं. किल्ली कुठे ठेवली, ते मात्र काही केल्या आठवत नव्हतं.

समोर शिखर उन्हात चमकत होतं. त्याचं आणि पुढे मास्तर झालेल्या त्याच्या दोस्ताचं शाळेत एका बाकावर बसल्यापासून तिथे जायचं ठरत होतं, ते आज पन्नाशीत जमलं होतं.

"तार फिरव की," नुसत्या मोज्यांवर बसलेला मास्तर म्हणाला.

"फिरवली. ढिम्म हलत नाही!" कुलूपवाल्याचा आवाज भरून आला. "अरे, मलासुद्धा उघडत नाही! म्हणजे कुणालाच उघडणार नाही!"

"गाढवा, भूक लागलीये मला! आणि नऊच्या आत निघालो नाही तर शिखर बोंबललं. मग काय तुझ्या कुलपावर चढू?"

कुलूपवाल्याने पुन्हा तार घातली, पण मनातून त्याला ते उघडायला नकोच होतं. पोटात कावळे कोकलत होते आणि छाती अभिमानाने फुगत होती.

शेवटी मास्तरने त्याला बाजूला सारलं, पेटी फिरवली आणि खिशातल्या नाण्याने मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवले. झाकण मागून उचललं गेलं. पावाच्या पुड्यावर किल्ली आरामात पडली होती.

"हरवू नये म्हणून आत ठेवली होती," कुलूपवाला पुटपुटला.

"कुलूप पास, बिजागऱ्या नापास," तोंडात पाव कोंबत मास्तरने निकाल लावला.

हे मात्र कुलूपवाल्याला झोंबलं. त्याने पावाला हातही लावला नाही. मास्तरचं खाणं होईपर्यंत त्याने स्क्रू परत बसवले आणि एकेकाच्या डोक्यावरची खाच दगडाने ठोकून बुजवली. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून किल्ली तेवढी क्षणभर पेटीत ठेवली. मग झाकण लावून पाहिलं. खट्.

"आता ये! लाव तुझं नाणं!"

मास्तर एका पायात बूट चढवून उभा होता. त्याने दुसऱ्या पायातल्या मोज्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, शिखराकडे पाहिलं.

"किल्ली?"

कुलूपवाल्याने सगळे खिसे चाचपले. मग हळूच खाली बसून बिजागरी जोर लावून हलवून पाहिली; ती जागची हलली नाही. त्याचा चेहरा उजळला.

"ते जाऊ दे," तो म्हणाला, "आधी सांग, आता पास की नाही?"