मारुतरावांची सरळ रेष

माणूस आजारी पडला की ते त्यालाही कळतं आणि शेजाऱ्यालाही कळतं. त्यात कंपनीचं कौशल्य ते काय? म्हणून चाकणच्या एका स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीने आरोग्य-भाकीत प्रणाली आणली. प्रत्येकाचं बीपी पुन्हा पुन्हा मोजायचं, आकड्यांची रेष काढायची आणि ज्याची रेष पुढे लाल पट्ट्यात शिरेल, त्याला नोकरीत कायम करायचं नाही.

प्रणाली बनवली वाकडच्या मोईजने. तो स्वतःही अजून कायम व्हायचा होता. नियम दोनच, पण त्यांचा त्याला भारी अभिमान. ज्याची रेष चढेल त्याला जास्त वेळा मोजा. जो मोजायला येणार नाही, त्याचा जुना आकडाच पुढे चालू ठेवा.

प्रणाली वर्ष-दीड वर्ष चालल्यावर मोईजचीही मोजायची पाळी आली. पहिल्या दिवशी तो चाकण चौकातल्या ट्रॅफिकमधून तडक कंपनीच्या दवाखान्यात आला. आकडा चढा निघाला. प्रणालीने दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्या काळजीने आकडा आणखी चढला. मग रोज, मग तासातासाला. शेवटी दंडावरचा पट्टा काढायचंच त्याने सोडून दिलं.

"बाळा, पट्टा फुगला की तूही फुगतोस," नर्स सुमनताई म्हणाल्या. "मोजणं थांबव की."

"प्रणालीत तशी सोय नाही, ताई."

"कोणत्या शहाण्याने बनवलीये?"

बोलल्याने बीपी वाढतं, अशी मोईजने खूण केली.

एचआरचे सयाजीसाहेब आलेख बघायला आले. "मोईज, तुमचं गणित बरोबर असेल तर तुम्ही टिकत नाही. चुकलं असेल तर तुम्हाला ठेवायचं कशाला?"

मोईजला हा युक्तिवाद दुर्दैवाने पटला. "मग चांगली रेष कुणाची, साहेब?"

"स्टोअरचे मारुतराव. वर्षभर काटा हलला नाही. बोलवा त्यांना, शिका काहीतरी."

"ते गेले," सुमनताई म्हणाल्या.

"घरी?"

"न्हाई साहेब. तसे गेले. मागच्या पाडव्याला. मी शेऱ्यात लिहिलं होतं की, 'गेले' म्हणून."

मोईजने तो शेरा वाचला होता. शिफ्ट सुटली असेल, असं समजून त्यानेच आकडा पुढे चालू ठेवला होता.

साहेब गंभीर झाले. "वाईट झालं. पण यापुढे त्यांचं बीपी वाढण्याची शक्यता?"

"शून्य," मोईजमधला संख्याशास्त्रज्ञ बोलून गेला.

"मग प्रणाली बरोबरच आहे की."

प्रणाली कायम झाली, मोईज सुटला. पट्टा परत करताना शेवटचा आकडा अगदी नॉर्मल आला. पण आता तो कंपनीचा माणूस नव्हता, त्यामुळे नोंद झाली नाही.

तेव्हापासून कुणी तब्येत विचारली की मोईज तोच आकडा सांगतो. पुन्हा मोजायला गेलेला नाही. त्याला हसू नये. तुमच्या कपाटातला रिपोर्टही नॉर्मलच आहे. फक्त त्यावरची तारीख बघू नका.