आक्काची हळद

गेल्या महिन्यात आमच्या कामरगावात बातमी पसरली की माझं दुसरं लग्न ठरलं. वय बावन्न, पोट सुटलेलं, पहिली बायको घरात ठणठणीत. तरी लोकांनी विश्वास ठेवला. कारण मी भर दुपारी दोन्ही हातांना हळद लावून जीपमधून उतरलो होतो.

ही करणी आक्काची. माझी थोरली बहीण. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली, आता नर्सिंगच्या पोरींना शिकवते. घरी पाहुणा आला की पाण्याआधी हुकूम, "हात दाखव. उलटेबी!"

त्या पोरींची दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात ड्यूटी होती. म्हणून मी पेशंट. मला बाकावर आडवं करून तिनं कोपरापर्यंत हळद फासली.

"हा रोग समजा. पाहा नाडी."

पोरींनी उघड्या हातांनी नाडी पाहिली, हात रुमालाला पुसले. आक्का पंधरा मिनिटं भलतंच शिकवत राहिली आणि मग आरसा फिरवला. कुणाचं नाक पिवळं, कुणाची पापणी, कुणाच्या डब्याचं झाकण.

"हळद दिसते म्हनून हसून राह्यल्या. रोग दिसत नाई, पोरीयहो!"

मग हातमोजे, मास्क, चष्मा, गाऊन घालून पुन्हा नाडी. "मोजा उलटा करून काढ. पिवळं आत राह्यलं पायजे."

एक पोरगी धीर करून म्हणाली, "मॅडम, एवढं घातल्यावर पेशंट आपल्याले ओळखन कसा? परकंच वाटन त्याले."

आक्कानं तिचा मास्क नाकावर नीट चढवला.

"वाटू दे. कोरोनात माही माय माह्याच वॉर्डात होती. तिनं माहा मोज्यातला हात धरला. म्हने, बाई, माही पोरगी बी नर्स हाये. तिले इकडं येऊ देऊ नका. लागन तिले."

"मंग?"

"म्हनलं, नाई येऊ देत, आजी."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"रोज तिचे केस इचरले. अन् तिनं सांगतलं तसं मले लागू बी नाई दिलं. कायच्या भरवशावर? ह्या मोज्याच्या. घाला गुमान."

आक्का आणि मी घरी आलो तर आई ओट्यावर बसलेली. माझे हात पाहून तिनं आक्काला झापलं. "त्या कोरोनातल्या बाईपासून शिक काही! रोज केस इचरून देये माहे. अन् शब्दाची पक्की. तुले फिरकू नाई दिलं."

"हो वो माय. लय कडक होती," म्हणत आक्कानं फणी घेतली आणि तिच्या मागे बसली.

मी तोंड उघडलं.

"तू आधी हात धू," आक्का म्हणाली.